‘१० मिनिटांत मायएसक्यूएल ८’वाल्या फॉरवर्डबद्दल

माझा आतेभाऊ नागपूरच्या महाल भागातल्या एका पतसंस्थेत कामाला आहे. पद क्लार्कचं, पण कॉम्प्युटरचं सगळं त्याच्याच गळ्यात. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी तोच आणि सर्व्हर बसला तरी तोच. परवा त्यानं मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, “दादा, रविवारी संस्था बंदच राहते. करून टाकू का?”

फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. मायएसक्यूएल म्हणजे संस्थेचा सगळा डेटा सांभाळणारं डेटाबेस सॉफ्टवेअर. त्याची ५.७ ही आवृत्ती बंद झाली, घाबरू नका, एजन्सीला पैसे देऊ नका, असं म्हणून पुढे सहा मुद्दे दिलेत. एक, डेटा फोल्डर कॉपी करा, ८ टाका, चालू करा, १० मिनिटांचं काम. दोन, प्रोग्रॅममध्ये एका ओळीचाही बदल लागत नाही. तीन, पासवर्डची एरर आली तर कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंगच्या फायलीत) ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ लिहून ठेवा, कायमचा त्रास मिटतो. चार, ८ मध्ये युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) आपोआप असल्यामुळे मराठी डेटा सुधारतो. पाच, काही बिघडलंच तर ८ काढा, त्याच फोल्डरवर ५.७ परत चालू करा. सहा, वेग दुप्पट होतो.

हे लिहिणाऱ्यानं स्वतः हे कधी केलेलं नाही, हे तिसऱ्या मुद्द्यावरूनच कळतं. त्याच्याकडे येतोच. पण आधी पाचवा, कारण त्याच्याच भरवशावर माझा भाऊ रविवारी हात घालायला निघाला होता. “बिघडलं तर परत टाकून देऊ ना, त्यात काय!”

नाही टाकता येत. मायएसक्यूएल ८.० च्या अधिकृत मॅन्युअलमध्ये डाउनग्रेडचा भाग आहे, तो जेमतेम दोन-चार ओळींचा आहे आणि त्यात गोलमाल काही नाही: ८.० वरून ५.७ वर परत येण्याची सोय नाही, अपग्रेडच्या आधी घेतलेला बॅकअप परत चढवणं एवढाच मार्ग. हे कुणा ब्लॉगवाल्याचं मत नाही. इंजिन बनवणारेच सांगतात की परतीचा रस्ता नाही.

कारणही सोपं आहे. ५.७ मध्ये प्रत्येक टेबलाची रचना एका छोट्या एफआरएम फायलीत असायची. ८.० मध्ये त्या फायलीच नाहीत. सगळी माहिती इंजिनच्या आतल्या डेटा डिक्शनरीत जाते. जुन्या फोल्डरवर ८.० पहिल्यांदा चालू केलं की ते गुपचूप हे सगळं स्थलांतर उरकतं. त्यानंतर तोच फोल्डर ५.७ पुढे ठेवला तर त्याला त्यातलं काही ओळखू येत नाही.

इथे अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. स्थलांतर मधेच फसलं तर ८.० आपले बदल मागे घेतं आणि ५.७ पुन्हा चालू करता येतं. कुणीतरी तेवढं पाहिलं असावं आणि त्याचा ‘कधीही परत या’ झाला असावा. पण आपल्याला धोका फसलेल्या अपग्रेडचा नाहीच, यशस्वी झालेल्याचा आहे. समजा, रविवारी सगळं छान चालू झालं. सोमवारी दिवसभर भरणा, कर्जाचे हप्ते, दैनिक ठेवीच्या एजंटांची वसुली, सगळं ८.० मध्ये पडलं. मंगळवारी कळलं की व्याजाचा रिपोर्ट चुकतोय. आता रविवारचा बॅकअप चढवला तर सोमवारच्या नोंदी गेल्या. बरं, ८.० मधून डंप, म्हणजे सगळ्या डेटाची मजकूर-फाइल, काढून ५.७ मध्ये भरू म्हटलं, तर नव्यानं बनलेल्या टेबलांवर ८.० चं नवं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचे नियम) लागलेलं असतं आणि ५.७ सरळ ‘अननोन कोलेशन’ म्हणून हात वर करतं. मग बसा एकेक फाइल दुरुस्त करत, आणि काउंटरवर खातेदार पासबुक घेऊन उभे.

म्हणजे परत येण्याचा विचार अपग्रेडच्या आधी करायचा. त्याच मशीनवर तर करायचंच नाही. दुसऱ्या मशीनवर डेटाची प्रत चढवा, तिथे अपग्रेड करा, महिनाअखेरीचे सगळे रिपोर्ट दोन्हीकडे काढून आकडे ताडून पाहा. मूळ मशीनला त्यानंतर हात लावा.

आता तिसरा मुद्दा, पासवर्डचा. ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ म्हणजे सर्व्हरनं कुणालाही पासवर्ड विचारायचाच नाही. रूटचा, म्हणजे मुख्य यूजरचा, पासवर्ड विसरल्यावर दोन मिनिटांसाठी वापरायची ही पळवाट. ती कायमची लिहून ठेवा म्हणतो हा शहाणा, आणि तेही लोकांच्या ठेवी असलेल्या जागी! पण गंमत पुढेच आहे. ८.० मध्ये हा पर्याय लावला की सर्व्हर नेटवर्कवरून येणारी जोडणी आपणहून बंद करतो. म्हणजे काउंटरवरच्या एकाही पीसीवरून प्रोग्रॅम उघडणार नाही. विंडोजवर तर शेअर्ड मेमरी किंवा नेम्ड पाइप (जोडणीच्या दुसऱ्या वाटा) वेगळं चालू केलेलं नसेल तर सर्व्हर उभाच राहत नाही. त्रास कायमचा मिटतो हे एका अर्थी खरंच आहे बाप्पा, कामच बंद!

मुळात ती एरर का येते? ८.० मध्ये पासवर्ड तपासायची ठरलेली पद्धत बदलली, ‘कॅशिंग शा-टू’ आली. तुमचे जुने यूजर जुन्याच पद्धतीवर राहतात, पण पीएचपी, म्हणजे असे प्रोग्रॅम ज्यात लिहितात ती भाषा, फार जुनं असेल तर सर्व्हरनं नव्या पद्धतीचं नाव घेतल्याबरोबर ते गोंधळतं आणि जोडणी तिथेच तुटते. पीएचपीच्या ७.४ च्या आधीच्या आवृत्त्यांना ही पद्धत नीट येत नाही. तात्पुरता इलाज म्हणून ८.० च्या कॉन्फिगमध्ये जुनी ‘नेटिव्ह पासवर्ड’ पद्धत मूळ म्हणून ठरवून देता येते. पासवर्ड शाबूत राहतो आणि प्रोग्रॅमही चालतो.

चौथा मुद्दा, मराठी डेटा. इथे थोडं थांबतो, कारण आपल्याकडे खरी गळती इथेच आहे.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या कितीतरी पीएचपी प्रोग्रॅमांत टेबलं लॅटिन१ या फक्त युरोपीय अक्षरांच्या जुन्या संचात आहेत आणि त्यात मराठी नावं आहेत. लॅटिन१ मध्ये देवनागरी बसतच नाही, मग नावं दिसतात कशी? तर जोडणीही लॅटिन१, टेबलही लॅटिन१, त्यामुळे सर्व्हर मधे लुडबूड करत नव्हता. बाइट जसे आले तसे ठेवले, जसे ठेवले तसे दिले, आणि ब्राउझरनं ते युनिकोड समजून दाखवले. दोन चुका एकमेकींना सांभाळून होत्या.

८.० आलं की सर्व्हरचा मूळ कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायचा संच) यूटीएफ८एमबी४, म्हणजे पूर्ण युनिकोड, होतो. पीएचपीत कॅरेक्टर सेट वेगळा सांगितलेला नसेल तर त्याचा ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा भाग) सर्व्हरचाच धरतो, हे पीएचपीच्या दस्तऐवजात लिहिलेलं आहे. मग सर्व्हर प्रामाणिकपणे लॅटिन१ चं युनिकोडमध्ये भाषांतर करून देतो, आणि सदस्याच्या नावाच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेले ए आणि चलनाची चिन्हं उमटतात. दीर्घ ईकार, उकार, मात्रा, हलन्त जिथे असतील तिथे तर चक्क जपानी येन. पतसंस्थेच्या पासबुकावर येन!

तरीही इथवर डेटा बिघडलेला नसतो, दिसायला बिघडलेला असतो. जोडणीचा कॅरेक्टर सेट पूर्वीसारखा सांगितला की नावं परत येतात. खरा घात पुढे होतो. घाबरलेला माणूस टेबल ‘कन्व्हर्ट टू’ करून यूटीएफ८एमबी४ मध्ये बदलतो आणि ती येनची चिन्हंच खरी अक्षरं म्हणून डेटात पक्की होतात. त्यावर नव्या नोंदी बरोबर पडू लागतात, आणि अर्धी नावं शुद्ध, अर्धी भ्रष्ट अशी खिचडी होते. बरोबर रस्ता असा, की आधी कॉलम बायनरी प्रकारात न्यायचा, म्हणजे सर्व्हर बाइटना हात लावत नाही, आणि तिथून यूटीएफ८एमबी४ मध्ये आणायचा. मॅन्युअलमध्येही हाच सांगितला आहे. कॉलमची लांबीही त्या वेळी बघून घ्या. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून लॅटिन१ मधल्या ५० च्या कॉलममध्ये जेमतेम १६ चिन्हं मावत होती. लांब नावं कापलेली असतील तर ती कुठलंही इंजिन परत आणून देणार नाही, सदस्य अर्ज काढून पुन्हा टाइप करावी लागतील.

ज्यांची टेबलं आधीपासून यूटीएफ८ मध्ये आहेत त्यांना ही भीती नाही. पण तीच टेबलं यूटीएफ८एमबी४ मध्ये असतील आणि डंप काढून ८.० मध्ये भरली, तर एक वेगळी गोम आहे. ५.७ च्या डंपमध्ये मूळ कोलेशनचं नाव लिहिलेलं नसतं, ८.० तिथे आपलं नवं लावतं. जुन्या कोलेशनला नावामागची मोकळी जागा दिसत नव्हती, नव्याला दिसते. स्पेस पडलेलं नाव आणि न पडलेलं नाव आता दोन वेगळे सदस्य. शोधताना एक सापडतो, दुसरा नाही.

दुसरा मुद्दा, ‘एका ओळीचाही बदल नाही’. ८.० मध्ये काही शब्द राखीव झाले, त्यातला एक ‘ग्रुप्स’. आता मला सांगा, पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये बचत गटांच्या टेबलाला प्रोग्रॅमरनं दुसरं काय नाव दिलं असणार? अवतरणचिन्हं न लावता ते नाव जिथे जिथे वापरलंय तिथे तिथे क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) फुटणार. ‘रँक’, ‘सिस्टम’ ही नावंही गेली. पण फुटलेली क्वेरी बरी, ती निदान ओरडते. ‘ग्रुप बाय’ (नोंदी गटांत जमवायची आज्ञा) याचं तसं नाही. ५.७ मध्ये ग्रुप बाय केलं की उत्तर आपोआप क्रमानं यायचं, म्हणून कित्येकांनी ‘ऑर्डर बाय’ (क्रम लावायची आज्ञा) लिहिलंच नाही. ८.० ती सवलत देत नाही. खातेउताऱ्यात तारखा पुढेमागे होतील, ओळीगणिक शिल्लक काढणारा प्रोग्रॅम असेल तर मधल्या शिलका चुकतील आणि शेवटची बरोबर येईल. अशी चूक ऑडिटला सापडते, तेव्हा समजावून सांगायला कुणी नसतं. शिवाय पीएचपी ५ मधले जुने ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ पद्धतीचे प्रोग्रॅम पीएचपी ७ पासून चालतच नाहीत, कारण तो भागच काढून टाकला आहे. म्हणजे पासवर्डसाठी पीएचपी नवं करायला गेलात की कोडची डागडुजी आलीच.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, नाइलाजानं कबूल करतो. ५.७ च्या फोल्डरवर ८.० थेट चालू करता येतं आणि ८.०.१६ पासून वेगळी अपग्रेड कमांडही द्यावी लागत नाही. पण सर्व्हिस नीट बंद करून मगच. चालू सर्व्हरचा फोल्डर कॉपी केलात तर तो बॅकअप नव्हे. कॉन्फिग फायलीत ‘क्वेरी कॅश’ची (आधीची उत्तरं साठवून ठेवायच्या सोयीची) ओळ किंवा ‘नो ऑटो क्रिएट यूजर’ हे जुनं सेटिंग राहिलं असेल तर ८.० सुरूच होणार नाही. आणि ५.६ वाल्यांना आधी ५.७ वर यावं लागतं, उडी चालत नाही. आणखी एक, आपल्याकडे अर्ध्या ठिकाणी झॅम्प (वेब सर्व्हर, पीएचपी, डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) टाकलेलं असतं. त्याच्या पॅनलवर मायएसक्यूएल लिहिलंय म्हणून फसू नका, २०१५ पासून आत मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस आहे, आणि त्याचा फोल्डर मायएसक्यूएल ८ ला चालत नाही. आधी ‘सिलेक्ट व्हर्जन’ चालवून आपल्याकडे काय आहे ते बघा. मग मायएसक्यूएल शेल या वेगळ्या प्रोग्रॅममधली अपग्रेड तपासणी चालवा. फुकट आहे, डेटाला हात लावत नाही, राखीव शब्द आणि जुनी सेटिंगं यादी करून देते. ग्रुप बायचा क्रम मात्र ती पकडत नाही, तो डोळ्यांनीच बघायचा.

वेगाचं काय, तर क्वेरी कॅशच काढल्यामुळे तेच तेच रिपोर्ट वारंवार काढणाऱ्यांना उलट हळू वाटू शकतं. दोन काउंटरच्या संस्थेत वेगासाठी कुणी अडलेलं नाही.

५.७ वर राहणंही बरोबर नाही, हे भावाला सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची मुदत संपली, त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत. पण ८.० ची मुदतही एप्रिल २०२६ चीच, पुढचा मुक्काम ८.४, आणि ५.७ वरून थेट तिथे जाता येत नाही, ८.० मधूनच जावं लागतं. ८.४ मध्ये जुनी नेटिव्ह पासवर्ड पद्धत मुळातच बंद ठेवलेली आहे, ९.० मध्ये काढूनच टाकली. त्यामुळे वर सांगितलेला तात्पुरता इलाज तात्पुरताच धरा. चाचणीच्या मशीनवर पीएचपी आणि यूजर नव्या पद्धतीवर आणून बघा, ते जमलं की मग कुठला रविवार ते ठरवू.