काकांची लुना आणि माझं पिवळं विमान

काल संध्याकाळी सोसायटीचे खजिनदार काका मेंटेनन्सची पावती द्यायला आले. आई म्हणाली, "बसा, चहा टाकते." त्या एका कपाने माझ्या तीन आठवड्यांचं वाटोळं केलं.

मी कॉम्प्युटरवर विमान रंगवत होतो, फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे विमान उडवायच्या गेमसाठी. बी-१७ बॉम्बर, अमेरिकन, पण जर्मन खुणांचं. 'वुल्फ हाउंड' नावाचं हे विमान १२ डिसेंबर १९४२ला फ्रान्सवर जखमी होऊन खाली उतरलं आणि जर्मनांना जवळजवळ धड सापडलं. त्यांनी ते दुरुस्त करून जर्मनीतल्या रेखलिनच्या चाचणी केंद्रात नेलं. अंगावर डीएल-एक्ससी ही अक्षरं, शेपटीवर स्वस्तिक, पोट पिवळं. मग या जातीच्या विमानावर कुठून हल्ला चढवायचा, याची आपल्या वैमानिकांना शिकवणी दिली. हे सगळं मला ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलच्या चौकोनात बसवायचं होतं. फोटो कृष्णधवल. त्यात त्या काळच्या काही फिल्मवर पिवळा रंग काळपट उठतो. म्हणजे फोटोत काळं दिसतंय ते पिवळं असू शकतं, किंवा काळंच असू शकतं. यात दोन रविवार गेले.

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

"स्वस्तिक तिरकं झालंय."

"ते तसंच असतं काका. जर्मन आहे."

"जर्मन असलं म्हणून काय? ठिपकेही नाहीत. सरळ कर, अपशकुन होतो."

"झालाच की त्यांना," मी म्हणालो. वाया गेलं.

"एका विमानाचे किती मिळतात?"

"काही नाही."

"म्हणजे रंगही तुझाच?"

"रंग लागत नाही."

"मग तीन आठवडे करतोयस काय?"

"तेच विचारते मी," आतून आई.

"आणि पोट पिवळं कशाला?"

"विमान अमेरिकेचं, जर्मनांनी पकडलेलं. त्यांच्याच तोफांनी पाडू नये म्हणून. लांबून ओळख पटावी."

"हां. म्हणजे चोरीची गाडी." काका एकदम खुलले. "माझी लुना अशीच गेली. मंडईतून. कोथिंबीर घेईपर्यंत!" मग जुडी तेव्हा कितीला होती, हेही आलं. चार महिन्यांनी ती त्यांना हडपसरला दिसली. गेली तेव्हा लाल, दिसली तेव्हा निळी. नंबर वेगळा, सीटला नवं रेक्झिन. हवालदार म्हणाला, तुमचीच कशावरून? काकांनी घराची किल्ली काढली आणि मडगार्डवर एक ओरखडा मारला. हे सांगताना त्यांनी आमच्या टेबलावर खरोखर ओरखडा मारला. "खाली लाल!"

दुसरा कप आला. काकांचं बोट स्क्रीनवर टेकलं, बिस्किटाच्या चुऱ्यासकट.

"तुझ्या ओरखड्यात मात्र थेट पत्रा दिसतोय. पिवळ्याखाली आधी जुना रंग नको यायला? का जर्मनांनी आधी घासून घेतलं होतं?"

मी गप्प. तेव्हाच्या बी-१७चं मूळ रंगकाम वर ऑलिव्ह, पोटाला राखाडी. हे मला शाळेपासून पाठ. आणि मी पिवळ्या पोटावर दोनशेच्या वर ओरखडे काढले होते, एकेक करून, सगळे चंदेरी. शिवाय फाइल जड होते म्हणून परवाच चित्राचे सगळे लेअर, म्हणजे सुटे थर, एकत्र करून टाकलेले. आता एकही सुटा होणार नाही.

ते बरोबर होते, याचं मला एवढं नाही. पण तीन आठवड्यांत या चित्राकडे नीट पाहणारा पहिला माणूस हा, आणि त्याला बॉम्बर आणि बुलढाण्याची एसटी यांतला फरक ठाऊक नाही!

"आपलं एखादं विमान कर की," उठता उठता काका म्हणाले.

केलं होतं. इंग्रजांनी कानपूरला मोडून टाकलेली लिबरेटर बॉम्बर बंगळुरूच्या कारखान्यात पुन्हा उभी राहिली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत उडवली. त्यातलं एक गेल्या दिवाळीत रंगवून मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. त्याखाली एकच मेसेज आला: उद्या पाणी किती वाजता?

रात्री दीडपर्यंत मी प्रत्येक चंदेरी ओरखड्याला राखाडी कड काढत बसलो. ११२ झाले. मग पावती ड्रॉवरमध्ये टाकायला उचलली. मागच्या बाजूला काकांनी, बहुधा मला नमुना असावा म्हणून, पेनने एक स्वस्तिक काढून ठेवलं होतं. सरळ, चार ठिपक्यांसकट.