गुरुजी, कापसाच्या ‘क’चं तुमचं बरोबर आहे

गुरुजी, नमस्कार.

अंगणवाडीतल्या मातीच्या अक्षरांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, “ही हस्तकला झाली, अक्षरओळख नव्हे. कॉन्व्हेंटची केजी वनची मुलं पानंच्या पानं भरतात आणि तुमची लेकरं चिखल मळतात. वर गांधीजींच्या नई तालीमचा आधार!” चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण त्यातलं निम्मं मला लागलं होतं.

आधी ते निम्मं. लेखाच्या फोटोतला, पुठ्ठ्यावर कापूस चिकटवलेला ‘क’ मलाही फार आवडला होता. घरच्या बोंडातला कापूस, बाभळीचा डिंक, एका पैशाचा खर्च नाही. आठवड्याने तोच ‘क’ पाटीवर खडूने काढला आणि विचारलं, हे काय? वर्गातली सगळ्यांत चुणचुणीत पोरगी म्हणाली, “हे त काहीच नाही बाई. याच्यात कापूस कुठी हाय?”

अक्षर तिनं पाहिलंच नव्हतं. पुठ्ठ्याचा ‘क’ मी कापला होता, तिनं तो नुसता भरला. तेव्हा सजावटीबद्दलचं तुमचं म्हणणं कबूल.

पण चिखलाबद्दलचं नाही. पोळ्याला बैल करतात ती काळी माती आम्ही घेतो. वाळली की भेगा पडतात, म्हणून थोडं बारीक कुटार, म्हणजे भुसा, मिसळतो. करंगळीएवढी जाड वळी करायची. तिची वाटी वळवली, उजवीकडे तुराटीची काडी उभी लावली, डोक्यावर एक आडवी ठेवली की झाला ‘व’. वाटीच्या पोटात तिरपी काडी टाकली की ‘ब’. ती काढून घेऊन उभ्या काडीला उजवीकडून शेपूट वळवलं की ‘क’. इथे कापून काही मिळत नाही. अक्षर लेकराला स्वतः उभं करावं लागतं. ‘व’ आणि ‘ब’ यांच्यात नेमकी कोणती काडी जास्त आहे, हे त्याच्या बोटांना माहीत असतं. केलेल्या प्रत्येक अक्षराचा आवाज मोठ्याने म्हणायचा. आमचा ‘ब’ बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा आहे. बदक गावात कोणाकडेच नाही.

पानं भरण्याचं म्हणाल, तर आमच्या गल्लीतला कॉन्व्हेंटचा एक पोट्टा रोज ओट्यावर बसून ‘क’ गिरवतो. पेन्सिल मुठीत, रेघ खालून वर, जोर सगळा खांद्यातून. पहिल्या ओळीत ‘क’ असतो, शेवटच्या ओळीपर्यंत त्याचा ‘फ’ झालेला असतो. तो आळशी नाही हो. चार वर्षांच्या बोटांत अजून तेवढी ताकद नसते, आणि ती माती मळून, कागद फाडून, बिया वेचूनच येते. पेन्सिल आम्हीही देतो, पाच वर्षं झाल्यावर.

नई तालीमचं वाक्य मी लेखातून काढलं आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आलेली ती हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी होती, आणि तिथला हस्तोद्योग म्हणजे सूतकताईसारखं खरंखुरं उत्पादक काम. आमच्या जिल्ह्यात घडलं म्हणून मी मिरवलं, झालं. दाखला द्यायचाच होता तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामाचा द्यायला हवा होता. मुलांच्या आसपास जे सापडेल तेच शिकवण्याचं साधन, ही वाट त्यांची.

आता माझी एक अडचण, जी तुमच्या प्रतिक्रियेत नाही. ‘ळ’. मातीचा ‘ळ’ आमची लेकरं झकास करतात, आणि त्यावर बोट ठेवून म्हणतात, ‘य’. घरी सगळेच ‘शाया’, ‘केयी’, ‘डोया’ म्हणतात. मीही माहेरी गेले की तेच. त्यांची बोली चुकीची आहे असं मला म्हणायचं नाही, आणि ‘ळ’ला ‘य’ म्हणूनही चालणार नाही. इथे माती काही कामाची नाही. तुम्ही इतकी वर्षं पहिलीचा वर्ग याच भागात घेतलात. तुम्ही ‘ळ’ कसा शिकवत होतात?