सक्तीचे शिक्षण: सक्ती नेमकी कुणावर?

ऊसतोडीच्या टोळ्या कराड-वाळव्याच्या पट्ट्यात उतरल्या की एक मेसेज फिरायला लागतो: ‘शिक्षण सक्तीचे आहे. मूल शाळेत नसेल तर आईबापांवर गुन्हा दाखल होतो. गावाकडचा दाखला नसेल तर इथली शाळा प्रवेश देऊ शकत नाही. आणि 14 पूर्ण झाले की विषयच संपला.’ यातले पहिले वाक्य खरे, पण त्याचा अर्थ वेगळा; पुढचे एकही विधान खरे नाही.

आधी गुन्ह्याचे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड होता. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, 1947 मध्येही हजेरीचा हुकूम मोडणाऱ्या पालकाला दंडच होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने रोख फिरवला. कलम 10 पालकाचे कर्तव्य सांगते, त्याला शिक्षा सांगत नाही. ‘सक्ती’ म्हणजे काय ते कलम 8 मध्ये आहे: प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होणे, ही शासनाची जबाबदारी. कोप्यांवरची (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांतली) मुले शाळेत आणायची कुणी, तेही कलम 9 मध्ये स्पष्ट आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश स्थानिक प्राधिकरणाने, खेड्यात जिल्हा परिषदेने, करून घ्यायचा.

शाळा सोडल्याच्या दाखल्याचे तर सरळ उलटे आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून शासकीय किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते (कलम 5). जन्माचा पुरावा नसला तरी चालते (कलम 14), प्रवेशाची मुदत टळली तरी चालते (कलम 15). हे शेवटचे फार महत्त्वाचे. नोव्हेंबरात आलेल्या मुलाला ‘जूनमध्ये या’ म्हटले, तर मार्चच्या सुमारास कारखान्याचा पट्टा पडतो (गाळप हंगाम संपतो), बिऱ्हाड परत जाते आणि वर्ष बुडते.

14 वर्षांनंतरही आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफतच (कलम 4). मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे.

तोंडी नकार मिळाला तर अर्ज दोन प्रतींत लिहा: मुलाचे नाव, वय, इयत्ता, जुनी शाळा, कोपी कुठे आहे. एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. कलम 32 खाली तक्रारीच्या निकालाला 3 महिने मिळतात आणि तेवढ्यात निम्मा हंगाम सरतो. म्हणून त्याच दिवशी केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, दोघांकडे प्रत पोहोचवा.