‘भुकेला कोंडा’ ओर्काला लागू नाही

‘ओर्का म्हणजे समुद्रातला लांडगा. समोर येईल ते खातो. सॅमन मासे संपले तर सील खाईल, सील तर ढिगाने आहेत. उगाच गळे काढू नका.’ अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरच्या उपाशी ओर्कांची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ‘किलर व्हेल’ची, बातमी आली की या आशयाचा मजकूर फिरू लागतो. सिएटलकडच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही मी तो वाचला. ज्यांच्याविषयी तो लिहिलाय, ते ओर्का आता 75च्या आसपास उरलेत. म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासायला हवं.

‘समोर येईल ते खातो.’ जगभरचे ओर्का एकत्र धरले तर यादी खरंच लांब होते: हेरिंग, पेंग्विन, सील, शार्क, मोठ्या देवमाशांची पिल्लंसुद्धा. पण ही सगळी यादी खाणारा एकही ओर्का नाही. व्हँकूव्हर बेट आणि वॉशिंग्टन यांच्यामधल्या सेलिश समुद्रात दोन वेगळे समाज वावरतात. ‘रेसिडेंट’ फक्त मासे खातात; वर म्हटलेले 75 ओर्का म्हणजे त्यांच्यातलाच दक्षिणेकडचा गट. ‘बिग्ज’ ओर्का सील, सी लायन, पॉरपॉईज (डॉल्फिनसारखा छोटा प्राणी) असे सस्तन प्राणी खातात. त्यांना नाव मिळालं ते मायकल बिग या संशोधकावरून. पाठीवरच्या पराचे फोटो काढून एकेक ओर्का ओळखायची पद्धत त्यांनी 1970च्या दशकात बसवली. जरा बाहेर, खोल समुद्रात तिसरा समाज आहे. तो शार्क खातो आणि शार्कच्या खरखरीत कातडीने त्याचे दात हिरडीपर्यंत झिजलेले असतात. हे तिघे एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांच्यात सोयरीकही होत नाही. पहिले दोन स्वतंत्र प्रजाती मानाव्यात असा प्रस्ताव 2024 मध्ये संशोधकांनी मांडला.

रेसिडेंट तर सॅमनमध्येही निवड करतात. उन्हाळ्यात सॉकाय जातीचे सॅमन लाखांनी येतात, तरी हे शोधतात चिनूक. बांगड्याचा ढीग ओलांडून सुरमईच हुडकत जावं, तसं. चिनूक आकाराने सर्वांत मोठा, चरबीने भरलेला आणि वर्षभर मिळणारा. उन्हाळ्यात त्यांच्या पोटात जाणाऱ्या अन्नात 80 टक्क्यांहून जास्त चिनूकच असतो.

‘भूक लागली की काहीही खाईल.’ याचं उत्तर 1970च्या मार्चमध्ये मिळालं, फार वाईट रीतीने. व्हँकूव्हर बेटावरच्या व्हिक्टोरिया शहराजवळ, पेडर खाडीत मत्स्यालयांसाठी पाच ओर्का जाळ्यात अडकवले. दोघांना हलवलं, तिघे खाडीतच राहिले. त्यांच्यापुढे रोज सॅमन टाकला जाई, ते तोंड लावत नसत. ते होते बिग्ज, पण ओर्कांत दोन समाज आहेत हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. दिवसागणिक ते वाळत गेले. सुमारे अडीच महिन्यांनी त्यातली एक मादी मेली. त्यानंतर काही दिवसांनी उरलेल्या दोघांनी मासा घेतला. म्हणजे अगदी मरणाच्या दारात ओर्का दुसरं अन्न घेऊ शकतो, एवढं मान्य. पण पुढे एका रात्री कुणीतरी जाळं खाली दाबून त्यांना वाट करून दिली, आणि मोकळ्या समुद्रात ते पुन्हा सस्तन प्राण्यांच्याच शिकारीला लागले. ते अडीच महिने पुढ्यातला मासा त्यांच्यासाठी अन्न नव्हताच.

‘सील आहेतच, शिकतील.’ कुणाकडून शिकतील? रेसिडेंटांचे मुलगे आणि मुली दोघंही जन्मभर आईच्या कळपात राहतात. मासा कुठे, कधी, कसा धरायचा हे आई-आजीच्या मागे पोहत शिकायचं असतं. मासा मिळाला की तो वाटून खातात. मासा शोधताना ते सतत टिकटिक आवाज सोडतात आणि एकमेकांशी बोलतात. सील धरायला नेमकं उलट हवं: बिग्ज ओर्का शिकारीच्या वेळी जवळजवळ मुके होतात, कारण सील ऐकतो. आणि तो फार बारकाईने ऐकतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सीलना ओर्कांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. सस्तनभक्षकांचा आवाज आला की ते दूर पळाले, ओळखीच्या मासेखाऊंच्या आवाजाला हललेही नाहीत. जो भेद सीलला कळतो, तो या मजकुरात पुसून टाकलाय.

शिवाय 1970च्या दशकात सीलना कायद्याचं संरक्षण मिळालं, ते वाढले आणि त्यांच्या पाठोपाठ बिग्ज ओर्काही वाढले. त्याच पाण्यात दक्षिणेकडचे रेसिडेंट मात्र 1990च्या दशकाच्या मध्यापासून घटत गेले. खाणं बदलणं इतकं सोपं असतं तर सीलांनी भरलेल्या समुद्रात ते खंगले नसते.

‘पण रेसिडेंट पॉरपॉईज मारतात, त्याचा व्हिडिओ आहे.’ खरं आहे. 1962 ते 2020 या काळात पॉरपॉईजना छळल्याच्या 78 घटना नोंदल्या गेल्या. काहींत पॉरपॉईज मेलेही. मात्र ते खाल्ल्याची नोंद एकाही घटनेत नाही. तोंडात धरलेलं मांससुद्धा त्यांनी अन्न मानलं नाही.

चिनूक कमी पडल्याचा परिणाम मोजलेला आहे. वास हुंगणाऱ्या कुत्र्याला बोटीच्या टोकावर उभं करून संशोधकांनी या ओर्कांची विष्ठा पाण्यावरून गोळा केली आणि तिच्यातली संप्रेरकं तपासली. 2008 ते 2014 या वर्षांत ओळखता आलेल्या गर्भधारणांपैकी 69 टक्क्यांपर्यंत वाया गेल्या होत्या. ज्या वर्षी चिनूक कमी, त्या वर्षी जास्त.