अंटार्क्टिकात भूकंप होत नाहीत म्हणे!

ती पोस्ट परत फिरायला लागलीय, "अंटार्क्टिका हा एकमेव खंड जिथे भूकंपच होत नाहीत, कारण तो प्लेटच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या) मधोमध आहे, वरून बर्फाने जमीन दाबून धरलीय, आणि आता जे हादरे बसतायत ते बर्फ वितळतोय म्हणून". वैताग याचा की यात थोडं तथ्यही आहे, म्हणून लोकांना पटतं.

आधी "होतच नाहीत" बघू. 25 मार्च 1998 ला अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापलीकडच्या बॅलेनी बेटांजवळ 8.1 चा भूकंप झाला, तोही अंटार्क्टिक प्लेटच्या आत, जिथे बहुतेक भूकंप होतात त्या कडेला नाही. तो समुद्राखाली होता म्हणाल तर पूर्व अंटार्क्टिका घ्या, तिथे आतल्या भागात मोजून आठ भूकंपांची नोंद होती, मग गॅम्बुर्त्सेव्ह पर्वताच्या भागात (हा अख्खा पर्वत बर्फाखाली गाडलेला आहे) सिस्मोमीटर (भूकंप मोजायची यंत्रं) लावले आणि एकट्या 2009 मध्ये 27 सापडले, 2.1 ते 3.9 चे. आधीही होतच असणार की, यंत्रंच नव्हती!

आणि मधोमध असलं म्हणून काय झालं? यातले बरेचसे जुन्या रिफ्टच्या पट्ट्यात आहेत. खंड कधीतरी ताणला गेला, भेगा पडल्या, त्या जागा अजून कच्च्या आहेत, जोर आला की तिथेच सरकतं.

बर्फाचं वजन, हा मुद्दा अर्धा खरा. कित्येक ठिकाणी तीन किलोमीटरच्या वर बर्फ आहे, त्याच्या दाबाने फॉल्ट (खडकातली भेग, जिच्या कडेने जमीन सरकते) सहज सरकत नाही, पण ताण कुठे जात नाही हो, तो साठत राहतो. उत्तर स्वीडनमधला पार्वी फॉल्ट बघा, हिमयुगाच्या शेवटी बर्फ हटला आणि जमीन अशी सरकली की साधारण दीडशे किलोमीटर लांब पायरी तयार झाली, काही ठिकाणी दहा मीटर उंच, आजही दिसते.

राहिलं वितळण्याचं. त्यासाठी अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीतले 2020 चे हादरे दाखवतात, सुमारे 85,000. ते मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) वर सरकल्यामुळे होते, शेजारचं किंग जॉर्ज बेट 11 सेंटीमीटर हललं. वितळण्याचा काय संबंध?

शिवाय बर्फ स्वतः सरकतो तेही यात मिसळतात. पश्चिम अंटार्क्टिकातला व्हिलन्स हिमप्रवाह (बर्फाची वाहती नदीच) दिवसातून साधारण दोनदा अर्धा मीटर पुढे जातो, केवढा भाग किती सरकला याचा हिशोब मांडला तर 7 च्या भूकंपाएवढा, पण अर्धा तास घेतो, त्यामुळे वर तंबू ठोकून बसलेल्याला कळतसुद्धा नाही.