मोटर न लावता

परदेशी निघालेल्या मित्राने जाताना तीन वस्तू माझ्या गळ्यात मारल्या: मनीप्लांट, इस्त्रीचं टेबल आणि हेडफोन. मनीप्लांट मेला. इस्त्रीच्या टेबलावर कपड्यांचा ढीग असतो. आणि हेडफोनमुळे एका रविवारी मी पुण्याच्या तापकीर गल्लीत, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचत उभा होतो.

हेडफोन दिसायला राजबिंडे. जर्मन, मखमली गाद्यांचे, स्टुडिओत वापरतात तसले. रात्री जेवणं आटोपल्यावर मी ते लॅपटॉपला जोडले, भीमसेनजींचा दरबारी लावला, डोळे मिटले. भीमसेनजी गात होते, पण समोरच्या इमारतीतून, आणि तेही खिडकी लावून. आवाज वाढवत शंभरावर नेला. त्यांनी खिडकी किलकिली केली, इतकंच. तेवढ्यात स्वयंपाकघरातून, दोन भिंती ओलांडून, अगदी स्वच्छ ऐकू आलं, "अहो, विरजण लावलंत का?"

भाच्याला फोन केला. तो या विषयातला दर्दी.

"मामा, किती ओहमचे?"

"ते कुठे लिहिलेलं असतं?"

"वाटीवर बघ."

"अडीचशे."

पलीकडे शांतता. रिपोर्ट बघून डॉक्टर चष्मा काढतात ना, तेव्हा असते तशी. मग म्हणाला, "अ‍ॅम्प घ्यावा लागेल."

अ‍ॅम्प म्हणजे आवाजाला जोर देणारा आणखी एक डबा, त्याला वेगळा प्लग. आमच्या हॉलमधल्या एकुलत्या एक मोकळ्या सॉकेटवर राउटर, डास मारायचं यंत्र आणि सासूबाईंचं नेब्युलायझर यांच्यात आधीच पाळ्या लागलेल्या. शिवाय चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे आम्ही समजू शकतो. इथे कोंबडी फुकटची होती.

ओहमचं प्रकरण मला भाच्याने नाही, आमच्या नळाने समजावलं. आम्ही चौथ्या मजल्यावर. टाकी आमच्या डोक्यावरच, त्यामुळे दाब बेताचा. त्यात पाइप बारीक असेल तर पाणी टिपं गाळल्यासारखं येतं. फोनचं तसंच. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा; ओहम जितके जास्त, तितका पाइप बारीक. त्याच्या टाकीत दाब जेमतेम एक व्होल्टचा, बऱ्याचदा त्याहूनही कमी. तेवढ्या एका व्होल्टवर 32 ओहमच्या हेडफोनला साधारण 31 मिलिवॅट मिळतात आणि 250 ओहमच्याला अवघे 4. अ‍ॅम्प म्हणजे नळाला लावलेली मोटर. आणि मोटर लावायची नाही, हे मी घरात जाहीर करून बसलो होतो.

म्हणून नवे घ्यायचे, पण बिनमोटरचे. ब्लूटूथवाले नकोत. त्यांचा अ‍ॅम्प पोटातच असतो हे खरं, पण आमच्याकडे रोज चार्जिंगला लागणाऱ्या वस्तू माणसांपेक्षा जास्त आहेत. आणखी एक तोंड पोसायची ताकद नाही.

दुकानातला मुलगा उत्साही होता. त्याने माझ्या कानांवर काहीतरी चढवलं आणि ढोलताशांचं पथक माझ्या डाव्या दाढेत शिरलं.

"बेस बघा काका, बेस!"

"मला जरा तंबोरा ऐकायचाय."

"तंबोरा..." तो मागे वळून ओरडला, "दादा, तंबोरा ठेवतो का आपण? कुठलं मॉडेल आहे काका?"

मी आपले आकडे वाचू लागलो. मित्राचंच मॉडेल, डीटी 770 प्रो, 32, 80 आणि 250 अशा तीन ओहमांत निघतं. बाहेरून बघाल तर तिघं जुळे भाऊ. मित्राला नेमका थोरला आवडला असणार. बरं, ओहम कमी म्हणजे काम फत्ते, असंही नाही. फोनवर मी विजयी मुद्रेने म्हटलं, "अरे, हा बघ, नुसता 50 ओहमचा!" भाचा म्हणाला, "सेन्सिटिव्हिटी?" म्हणजे दिलेल्या विजेत आवाज किती मोठा निघतो, ते. मोठ्या पातळ पडद्याचे, प्लॅनर म्हणतात ते काही हेडफोन ओहमाने गरीब दिसतात, पण खायला कुंभकर्ण. पाइप रुंद, पण खाली बादलीऐवजी हौद. आवाज 3 डेसिबलने चढवायचा तर वीज दुप्पट लागते, आणि कानाला दुप्पट वाटावा असं असेल तर सुमारे दहापट. ते बिचाऱ्या फोनच्या खिशाबाहेरचं.

त्यातही एक खोडी आहे. सेन्सिटिव्हिटी कोणी एका मिलिवॅटवर मोजून छापतो, कोणी एका व्होल्टवर. 32 ओहमच्या एकाच हेडफोनची हीच गोष्ट एका पद्धतीने 100 डेसिबल आणि दुसरीने 115 होते. म्हणजे एक भाजीवाला किलोचा भाव सांगतो, दुसरा जुडीचा, आणि आपण दोघांची तुलना करून दुसऱ्याशी हुज्जत घालतो. खोक्यावर कधीकधी नुसतंच डेसिबल लिहितात. किलो की जुडी, ते तुमचं तुम्ही ताडा.

दीड तासाने सोनीच्या एमडीआर-7506 वर येऊन थांबलो. 63 ओहम, 106 डेसिबल, 1991 पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जाणारा. माझ्या लग्नाआधीचं मॉडेल अजून टिकलंय याचंच कौतुक वाटलं. वाट्या बंद आणि आवाज भरपूर, त्यामुळे विरजणाची चौकशी बाहेरच अडणार. वायर मात्र जुन्या लँडलाइनसारखी गुंडाळीची. खुर्चीतून उठलो की टेबलावरचं सगळं माझ्यासोबत यायला निघतं. दुकानातल्या मुलाच्या फोनवर तंबोरा लावला. जोडीच्या तारा, मग खर्ज, आणि खर्जाच्या शेपटाशी ती जव्हारीची झिणझिण. आवाज निम्म्यावरही न्यावा लागला नाही. पैसे दिले.

घरी येऊन बाल्कनीत खुर्ची टाकली, फोन हातात घेतला आणि पिन खुपसायला गेलो. खाली पाहिलं, वर पाहिलं, कडेने बोट फिरवलं. तीन महिन्यांपूर्वी फोन घेताना कॅमेरा पाहिला, बॅटरी पाहिली, रंगावर दोन दिवस घालवले. भोक पाहायचं राहिलं.

"डोंगल घे मामा," भाचा म्हणाला. "छोटीशी वायर असते. एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्याला तुझी पिन."

डोंगल दुसऱ्या दिवशी आलं. बोटभर लांब. लागलीच जोडलं, खर्ज घुमला. न राहवून भाच्याला पुन्हा फोन लावला, स्पीकरवर, कारण मला बायकोलाही ऐकवायचं होतं की बघ, डबा नाही, प्लग नाही, काही नाही.

"चालणारच," तो म्हणाला. "त्या टोकात चिप असते ना. डॅक, म्हणजे फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारा, आणि बारका अ‍ॅम्प, दोन्ही त्यातच."

बायको चहाचा कप ठेवत होती.

"म्हणजे मोटरच लावलीत की."

मी घाईघाईने हेडफोन चढवले. बंद वाट्यांचे होते म्हणून बरं.