‘ड्रेसिंग काय, कुणीही करेल’ : त्या मेसेजला उत्तर

सध्या फिरणारा मेसेज असा: ‘जखमेसाठी खास शिकलेली सिस्टर म्हणजे बिल फुगवायचा धंदा. पेरॉक्साइडने फेस काढा, वारा लागू द्या, पायाच्या व्रणाला क्रेप बँडेज घट्ट आवळा. पिवळं दिसलं की अँटिबायोटिक.’

‘फेस आला, जखम साफ झाली.’ नाही. रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटालेज या एन्झाइममुळे पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो, तोच हा फेस. जखम भरणाऱ्या पेशीही त्यात होरपळतात. सलाईन पुरतं, पण नुसतं ओतून नाही: ३५ मिलीची सिरिंज आणि १९ गेजची सुई यांतून साधारण ८ पीएसआय (दाबाचं एकक) इतका दाब मिळतो. कमी पडला तर घाण तशीच राहते, १५ च्या वर गेला तर जंतू आत ढकलले जातात.

‘वारा लागू द्या.’ उलट, १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर दाखवलं, की ओल टिकली तर कातडी जवळपास दुप्पट वेगाने धरते. ओलही बेताचीच हवी. कडा धुणं धुतलेल्या बोटांसारख्या पांढऱ्या, सुरकुतलेल्या झाल्या की ड्रेसिंग स्राव शोषायला कमी पडतंय. आणि टाचेवरची कोरडी, घट्ट, काळी खपली, भोवती लाली किंवा पू नसेल तर, भिजवायची नाही.

‘क्रेप घट्ट आवळा.’ यानेच पाय जातात. शिरांच्या व्रणाला, म्हणजे शिरांत रक्त साचून झालेल्या, न भरणाऱ्या जखमेला, दाब हाच मुख्य इलाज, घोट्याशी सुमारे ४० मिमी पारा. पण धमन्यांतून पायाला पुरेसं रक्त येतं का, ते आधी बघायचं: डॉपलरने (रक्ताचा प्रवाह ऐकणाऱ्या यंत्राने) घोट्याचा सिस्टॉलिक, म्हणजे वरचा, दाब मोजून त्याला दंडाच्या दाबाने भागायचं. उत्तर ०.८ च्या खाली आलं तर पूर्ण दाब नाही, ०.५ च्या खाली बँडेज नकोच, थेट व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन. मधुमेहात आणखी एक फसगत: धमन्या कॅल्शियमने कडक होतात, बीपीच्या पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा १.३ च्या वर जातो. न शिकलेला माणूस तो बघून खूश होतो. शिकलेली सिस्टर पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यायला लावते. बांधताना घोटा काटकोनात, सुरुवात बोटांच्या मुळाशी. टाच उघडी राहिली किंवा पोटरीवर जास्त ताण पडला, की सूज खाली पावलात उतरते.

‘पिवळं म्हणजे पू.’ बऱ्याचदा ते स्लफ असतं, मेलेल्या ऊतीचा चिकट थर. पसरती लाली, ऊब, वाढतं दुखणं दिसलं तर स्वॅब, म्हणजे तपासणीसाठी काडीने घेतलेला नमुना. तोही जखम धुतल्यावर, १ चौरस सेंटिमीटरवर ५ सेकंद दाबून फिरवलेला. वरवरच्या पुवाचा घेतला तर रिपोर्टमध्ये काही ना काही उगवतंच.

बिलाची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. खरचटलेल्या गुडघ्याला खास सिस्टर लागत नाही. पायाच्या व्रणाला बँडेज बांधत असतील, तर आधी डॉपलर लावला का, तेवढं विचारा.